चार वाजून दहा मिनिटांचं तिकीट

साल दोन हजार तीन. मार्च नुकताच लागला होता, आणि हंबीरराव चपला न काढताच आत आले तेव्हा मीनाबाईंच्या लक्षात आलं, आज हा माणूस चहाला थांबायचा नाही.

“आक्का, संक्रांतीच्या दिवशी, दुपारी चार वाजून धा मिन्टांनी हितं कोण बसलं हुतं?”

मीनाबाईंनी हातातल्या पेनाला टोपण लावलं. चार कॉम्प्युटरांपैकी एकच चालू होता. त्यावर एका निवृत्त मास्तरांची दुबईच्या लेकाला ई-मेल लिहिण्याची खटपट चालली होती. बाकी गाळा रिकामा होता.

“कशाला पायजे?”

“कशाला म्हंजे? मी इचारतोय म्हणून.”

“इचारा की. सांगायचं का न्हाय ते मी ठरवणार न्हवं?”

हंबीरराव हसले नाहीत. त्यांनी खिशातून चार घड्यांचा कागद काढला आणि टेबलावर पसरला. “ह्ये बघा. आमच्या नर्सिंग शाळेविरुद्ध कुणीतरी मुंबईच्या हापिसात तक्रार धाडलीया. ई-मेलनं. नाव न्हाय, गाव न्हाय. हापिसानं तीच छापून आमच्याकडं खुलाशाला धाडली. आन गंमत बघा, खाली ह्ये आकडे दिसत्यात? आमच्या कॉम्प्युटरवाल्यानं त्यावरनं माग काढला. केबलवाल्याला जरा दम दिला, तर त्यो म्हणाला, ह्यो नंबर मीनाबाईंच्या नेटचा. वेळ लंडनची हाय म्हणं, त्यात साडेपाच तास मिळवायचं. चार वाजून धा मिन्टं.”

तक्रार करणाऱ्याला झाकायचं सोडून, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याच हातात ती छापून द्यायची, ही कागदाची चाल मीनाबाईंना नवी नव्हती. चौतीस वर्षं त्यांनीही सरकारातच काढली होती.

“तुमच्या डब्यात तिकिटं असत्यात,” हंबीरराव म्हणाले. “संक्रांतीचं तेवढं काढा, म्हंजे झालं.”

तो डबा सगळ्या पेठेला ठाऊक होता. मीनाबाई कोल्हापूरच्या टेलिफोन एक्स्चेंजात ट्रंक ऑपरेटर होत्या, परगावचे कॉल जोडून द्यायच्या. कुठून कॉल, कुठं कॉल, कधी जोडला, कधी तुटला, हे सगळं प्रत्येक कॉलच्या तिकिटावर लिहायचं. तेवढ्या वर्षांत त्यांचं एक तिकीट चुकलं नव्हतं. पुढं लोक घरबसल्या थेट नंबर फिरवू लागले, ट्रंकचे बोर्ड बंद पडले. मीनाबाईंना चौकशीच्या टेबलावर बसवलं गेलं आणि तिथूनच त्या दोन हजार एक साली निवृत्त झाल्या. लेक संघप्रियानं कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला होता. मायलेकींनी मिळून नेटचं दुकान काढलं, आणि मीनाबाईंनी पहिल्या दिवसापासून गिऱ्हाइकांची तिकिटं लिहायला सुरुवात केली. कोणी सांगितलं नव्हतं. हाताला सवय होती. नाव, कुठला, मशीन नंबर, बसला किती वाजता, उठला किती वाजता. निळ्या शाईचं पेन, आणि प्रत्येक अक्षर दागिन्यासारखं. दिवस संपला की गठ्ठ्याला दोरा, गठ्ठा पत्र्याच्या डब्यात.

“लेखी हुकूम हाय?” मीनाबाईंनी विचारलं.

“कसला हुकूम?”

“एक्स्चेंजात लेखी हुकमाशिवाय तिकीट बाहेर जात नव्हतं. पोलीस आलं तरी आधी सायबाची सही.”

“आक्का, ह्ये एक्स्चेंज न्हाय. ह्यो माझा गाळा हाय.” हंबीररावांनी कागदाची घडी घातली. “उद्या सकाळी येतो. डबा काढून ठेवा. आन दुसरी किल्ली माझ्याकडं असती, ध्यानात असू द्या.”

ते गेल्यावर मीनाबाईंनी तिकिटांचा डबा पायाजवळ ओढून घेतला. हंबीरराव वाईट माणूस होता असं कसं म्हणावं? दोन वर्षांपूर्वी मायलेकी गाळा शोधत पेठेत फिरत होत्या. आडनाव ऐकल्यावर दोघा मालकांनी ‘घरात विचारून सांगतो’ म्हणून जे तोंड फिरवलं ते पुन्हा दिसले नाहीत. हंबीररावांनी मात्र आडनाव ऐकलं, किल्ली पुढं केली आणि म्हणाले होते, “आक्का, आमच्या म्हातारीला सोलापूरला फोन तुम्हीच जोडून देत हुतासा. मला म्हायती हाय.” असा माणूस. पण नर्सिंग शाळेच्या ट्रस्टमध्ये तो होता, आणि ट्रस्टची अब्रू ती आपली अब्रू, एवढंच त्याला समजत होतं.

आणि मीनाबाईंना तिकीट काढून बघायची गरजच नव्हती. संक्रांतीचा दिवस होता. त्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या हातावर तिळाचा लाडू ठेवत होत्या. होस्टेलच्या पोरी त्या दिवशी एकमेकींबरोबर तिळगूळ वाटत रंकाळ्यावर गेल्या होत्या. दुकानात होस्टेलची एकच पोर आली होती. मशीन नंबर तीन.

तिचं नाव सदफ. आजऱ्याची. आई रोशनबी काजूच्या कारखान्यात बिया सोलायला जायची, आणि त्या कमाईवर पोरगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला पोहोचली होती. होस्टेलच्या पोरींना मंगळवारी तीन ते सहा बाहेर जायची मुभा होती. दिवाळीपासून सदफ दर मंगळवारी यायची, मस्कतच्या मामाला ई-मेल लिहायची, आणि उरलेल्या वेळात संघप्रियाशी गप्पा मारायची.

होस्टेलच्या वॉर्डन शालूबाई. पोरींची पत्रं त्या आधी स्वतः फोडत. ऑफिसातल्या फोनची एक जोडणी त्यांच्या खोलीत होती. पोरगी घरी बोलायला लागली की शालूबाई तिथं रिसीव्हर उचलून ऐकत बसत. ‘पोरींच्या भल्यासाठी’ असं त्या म्हणत. जानेवारीत रोशनबीचं पत्र आलं. रोशनबीला लिहिता येत नव्हतं, तिनं शेजारणीकडून लिहून घेतलं होतं. गर्भपिशवीचं दुखणं, अंगावरून जाणं, डॉक्टर काय म्हणाला, हे सगळं आईनं लेकीला लिहावं तसं लिहिलं होतं. शालूबाईंनी ते पत्र जेवणाच्या वेळी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. ‘नर्स होणार न्हवं तुम्ही? मग ऐका,’ म्हणाल्या. काही पोरी हसल्या. सदफ ताट तसंच ठेवून उठली.

संक्रांतीला ती आली तेव्हा लाडू तिनं हातातच धरून ठेवला होता.

“मावशी, ह्यातनं नाव न सांगता लिवता येतंय काय ओ?”

मीनाबाईंनी लेकीकडं बघितलं. संघप्रियानं खुर्ची ओढली.

“येतं. पण नाव नाही लिहिलं म्हणजे झालं, असं नसतं. आधी नवीन खातं काढ. नाव, गाव, जन्मतारीख, काही खरं घालू नकोस. पासवर्ड आईच्या नावाचा नको, आजऱ्याचा नको.”

“मग कशाचा?”

“ज्याचा तुझ्याशी काही संबंध नाही अशा कशाचा तरी. आणि मला सांगू नकोस. काय लिहिणार आहेस?”

“आईचं पत्र वाचलं, त्ये लिवणार. पयल्यांदा त्येच.”

“तेच लिहू नकोस.”

“का?”

“कुणाचं पत्र वाचलं ते सगळ्या होस्टेलला माहीत आहे. ते लिहिलंस की खाली सही केल्यासारखंच. सगळ्यांचं लिही. पत्रं फोडतात, फोन ऐकतात. तारखा नको.”

सदफनं हातातला लाडू टेबलावर ठेवला. मग म्हणाली, “माझं दुखणं सोडून बाकी समद्यांचं लिवायचं व्हय?”

“हो.”

हे त्या पोरीला फार जड गेलं, ते मीनाबाईंनी बघितलं. ज्यासाठी लिहायला बसली तेच गाळून लिहायचं. पण तिनं लिहिलं. संघप्रिया उठून दुसरीकडं गेली, आणि मीनाबाईंनी खुर्ची फिरवून दाराकडं तोंड केलं.

ही त्यांची जुनी शिस्त होती. एक्स्चेंजात लागल्या तेव्हा त्यांच्या सुपरवायझर झुंबरबाई म्हणून होत्या. कॉल जोडून ‘बोला’ म्हटलं की कळ मागं ओढायची, म्हणजे आपला कान त्या लाइनीतून निघाला. झुंबरबाई पाठीमागून फिरत आणि खांद्यावर बोट टोचत, “जोडलं का? मग कान काढ.” आणखी एक शिकवण होती त्यांची. मयताचा कॉल असो, लग्नाचा असो, ऑपरेटरचा आवाज एकच पाहिजे. आपल्या आवाजावरनंसुद्धा कुणाला काही कळता कामा नये.

पहिल्या काही वर्षांत मीनाबाईंचा एकदाच कान राहिला. एकाहत्तर साल. राधानगरीच्या एका घरानं त्यांच्याच गल्लीतली मुलगी पसंत केली, हे त्यांनी लाइनीवर ऐकलं. चांगली बातमी. आनंदाच्या भरात संध्याकाळी जाता जाता त्यांनी मुलीच्या आईला सांगितलं. तासाभरात गल्लीत पेढे वाटले गेले. दुसऱ्या दिवशी राधानगरीची माणसं निरोप घेऊन आली तर इथं आधीच सगळं माहीत! आमच्या घरातलं बोलणं तुम्हाला कुणी सांगितलं, यावरून शब्दाला शब्द वाढला आणि ते लग्न मोडलं. मुलीचं पुढं चांगलं झालं, पण मीनाबाईंनी त्या दिवसापासून ‘बोला’ म्हटलं की कळ ओढली. पुढची वीस वर्षं आमदार, सराफ, तालमीतले पैलवान, पळून गेलेली पोरं, सगळ्यांचे कॉल त्यांच्या बोटांतून गेले. कुणाचं काही त्यांच्याकडं उरलं नाही. याचा त्यांना जेवढा अभिमान होता तेवढा कशाचाच नव्हता.

सदफ उठली तेव्हा त्यांनी विचारलं, “बंद केलंस न्हवं सगळं? का नुसतीच उठलीस?”

“साइन आऊट केलं. हिस्टरी पण पुसली, ताईनं सांगितलं तशी.”

“शाब्बास.” आणि त्याच हातानं, त्याच निळ्या शाईनं त्यांनी तिकीट लिहिलं. सदफ, नर्सिंग होस्टेल, मशीन तीन, ३.२० ते ४.२५.

आता, मार्चच्या त्या दुपारी, संघप्रिया जेवणाचा डबा घेऊन आली आणि सगळं ऐकल्यावर तिनं पत्र्याच्या डब्याकडं बोट केलं.

“आई, तिनं सगळं झाकलं. नाव झाकलं, गाव झाकलं, स्वतःचं दुखणंसुद्धा झाकलं. उघडं आपण ठेवलं. तुझ्या डब्यात.”

मीनाबाईंना कुणी थोबाडीत मारल्यासारखं झालं. एवढी वर्षं कान काढून घेतला, आणि हात तसाच ठेवला. एक्स्चेंजातली तिकिटं सरकारची होती, त्यांना कुलूप होतं, साहेब होता. ही तिकिटं कुणाची? कुणी मागितली होती?

“शेवटचं वर्ष आहे तिचं,” संघप्रिया म्हणाली. “मूळ कागदपत्रं सगळी शाळेच्या ऑफिसात जमा आहेत. काढून टाकलं तर दहावीचं सर्टिफिकेटसुद्धा हातात यायचं नाही. आजऱ्याला जाऊन काजूच सोलायला बसायची.”

“म्हायती हाय मला.”

“मग ते एक तिकीट काढून फाडून टाक.”

मीनाबाईंनी मान हलवली. “दर मंगळवारी सदफ हाय, आन त्या एका मंगळवारी तेवढी न्हाय. हंबीररावास्नी एवढं कळत न्हाय व्हय? गेलेलं तिकीटच बोंबलून सांगंल.”

“मग डबा घरी नेऊया.”

“घरी नेला तरी डबा हायच. हाय म्हटलं की कोण ना कोण मागायला येणारच. आज ह्यो, उद्या दुसरा. बादली आण.”

“काय?”

“बादली. फरशी पुसायची. पाणी भरून आण.”

दुपारी तीनच्या उन्हात, गाळ्याच्या मागच्या मोरीपाशी मीनाबाईंनी गठ्ठ्यांचे दोरे एकेक करून सोडले. दोन वर्षांची तिकिटं. त्यांनी एकही वाचलं नाही. मूठ-मूठ घेऊन पाण्यात दाबत राहिल्या. शाई सुटली, पाणी निळं झालं, मग काळपट झालं, आणि कागदाचा लगदा बोटांतून निसटायला लागला. संघप्रिया कठड्याला टेकून बघत होती. तिनं आईला रडताना फारसं बघितलं नव्हतं, आणि आताही आई रडत नव्हती. फक्त मधेच एकदा थांबून म्हणाली, “अक्षर बरं हुतं गं माझं.”

दुसऱ्या दिवशी हंबीररावांबरोबर शालूबाईही आल्या. इस्त्रीची साडी, हातात छत्री, आणि नजर अशी की टेबलाखालीही काही लपलंय का बघते. डबा टेबलावर ठेवलेला होता. हंबीररावांनी झाकण उघडलं. आत काहीच नव्हतं. मीनाबाईंची बोटं मात्र अजून निळी होती.

“आक्का!” हंबीररावांचा आवाज गाळ्याबाहेर गेला असेल. “ह्ये काय केलंसा?”

“माझी तिकिटं. मी लिवली, मी धुतली.”

“मग तुम्हाला काय माहीतच नसंल,” शालूबाई गोड आवाजात म्हणाल्या. “कोण बसलं होतं ते. व्हय न्हवं?”

इथं मीनाबाईंना ‘न्हाय’ म्हणता आलं असतं. तेवढ्यावर प्रकरण मिटलंही असतं कदाचित. पण खोटं बोलणं हे त्यांच्या नोकरीत कधी नव्हतंच. सांगायचं नाही, एवढंच होतं.

“मला म्हायती हाय,” त्या म्हणाल्या. “चांगलं आठवतंय. पण सांगणार न्हाय.”

शालूबाईंनी हंबीररावांकडं बघितलं. दोघं निघून गेले.

“आई, माहीत नाही म्हणायला काय झालं होतं?” संघप्रिया कळवळून म्हणाली. “आता त्या सोडणार आहेत का तुला?”

“मला न्हाय सोडलं तर न्हाय सोडलं.”

“तुझं म्हणत नाही मी! तुझ्या तोंडावर एक रेघ हलली तरी त्यांना पुरेशी आहे.”

हे खरं होतं, आणि ते मीनाबाईंना बोलून गेल्यावर कळलं. खरं बोलल्याचा अभिमान होता, पण त्याची किंमत आपण मोजू की दुसरंच कोणी, याचा विचार त्यांनी केला नव्हता. पुढच्या चार रात्री त्यांना नीट झोप लागली नाही.

मंगळवार आला. तीन वाजता होस्टेलच्या पोरी नेहमीसारख्या पांगल्या नाहीत. पांढऱ्या गणवेशात, रांगेत, अडतीस पोरी मंगळवार पेठेच्या रस्त्यानं चालत आल्या आणि पुढं छत्री धरून शालूबाई. दुकानासमोर रांग थांबली. पानपट्टीवरची माणसं उठून उभी राहिली.

“एकेक करून आत जायचं,” शालूबाई म्हणाल्या. “मीनाबाईंना नमस्कार करायचा आणि बाहेर यायचं. बास. थोरांचा आशीर्वाद घ्यायचा.”

त्या स्वतः दारात उभ्या राहिल्या, अशा की आतल्या बाईचंही तोंड दिसावं आणि पोरीचंही. काय चाललंय ते मीनाबाईंना कळलं. मग त्यांनी लेकीला हाक मारली, “संघप्रिया, माठ पुढं घे. पोरी उन्नातनं आल्यात.”

पहिली पोरगी आत आली.

“ये. पाणी घे. हं, पुढं.”

दुसरी आली. “ये. पाणी घे. हं, पुढं.”

तिसरी, चौथी, दहावी. आवाज तोच. ना चढला ना उतरला. ट्रंकच्या बोर्डावर बसून राधानगरीला, पुण्याला, बेळगावला लाइन जोडतानाचा तो आवाज बारा-तेरा वर्षं पडून होता, तो त्यांनी काढला होता. चेहऱ्याचंही तेच. हसू नाही, आठी नाही. शालूबाई डोळे बारीक करून बघत राहिल्या.

तेविसावी सदफ.

पेला घेताना पाणी हिंदकळलं आणि थोडं गणवेशावर सांडलं.

“ये. पाणी घे. हं, पुढं.”

सदफनं पाणी पिऊन पेला परत दिला, आणि वळता वळता तोंडातून निघून गेलं, “येतो मावशी.”

“थांब!” शालूबाई पुढं झाल्या. “मावशी? तुझी कधीपासनं मावशी?”

सदफनं गणवेशावरचं पाणी झटकलं. मीनाबाईंनी पुढचा पेला भरायला घेतला. त्यांना सदफकडं बघायचं नव्हतं, आणि बघायचं टाळतोय हेही दिसू द्यायचं नव्हतं. तेवढ्यात मागची जाडजूड पोरगी पुढं सरकली. एका दमात पेला रिकामा करून म्हणाली, “मावशी, अजून एक द्या की. लई तापलंय भाईर.” तिच्या मागची म्हणाली, “मावशी, माठात वाळा घातलाय व्हय?” आणि मग चालूच झालं. मावशी पाणी, मावशी थोडं कमी भरा, मावशी तुमची साडी छान हाय. त्या पोरी काही ठरवून बोलत होत्या, का कोल्हापूरच्या कुठल्याही पोरीनं कुठल्याही बाईला म्हणावं तसं सहज म्हणत होत्या, हे मीनाबाईंना तेव्हाही कळलं नाही, पुढंही नाही. त्यांनी प्रत्येकीला तेवढंच उत्तर दिलं. “पाणी घे. हं, पुढं.”

अडतिसाव्या पोरीनंतर शालूबाईंनी छत्री उघडली. पानपट्टीवरून कोणीतरी ओरडलं, “बाई, तुम्ही पण घ्या की पाणी!” आणि सगळा रस्ता हसला.

रांग गेल्यावर मीनाबाईंनी सगळे पेले धुऊन पालथे घातले. रिकामा माठ मात्र संघप्रियानं आत नेला.

त्याच आठवड्यात हंबीरराव आले. या वेळी त्यांनी चपला बाहेर काढल्या. बसले. संघप्रियानं केलेला चहाही घेतला.

“आक्का, ट्रस्टची मीटिंग झाली. मला लोक इचारत्यात, तुझ्याच गाळ्यातनं तुझ्या नाकाखालनं… आता मी काय तोंड दाखवू? महिना संपायच्या आत गाळा मोकळा करा.”

“करतो.”

“एका पोरीसाठी एवढं?”

“कुठल्या पोरीसाठी?” मीनाबाई म्हणाल्या. “पोरगी हाय, का पोरगा हाय, का म्हातारा हाय, मी काय बोललो का? ह्ये तुम्हीच म्हणताय, हंबीरराव.”

हंबीररावांनी कपबशी टेबलावर ठेवली. मग उठले, आणि दारात थांबून पाठमोरेच म्हणाले, “आमच्या म्हातारीचं सोलापूरला काय बोलणं व्हायचं, ती शेवटाला कुणाशी बोलायची, म्हायती हाय तुम्हाला?”

“न्हाय,” मीनाबाई म्हणाल्या. “मी कान काढून घेत हुतो.”

त्यांनी पायात चपला सरकवल्या आणि ते गेले.

मार्चच्या शेवटच्या दिवशी दोन हातगाड्यांवर चार कॉम्प्युटर आणि सहा खुर्च्या लादून मायलेकींनी गाळा सोडला. मीनाबाईंनी फरशी पुसून घेतली, किल्ली हंबीररावांच्या घरी स्वतः नेऊन दिली, आणि गाडीच्या मागं मागं मान वर करून चालत गेल्या. कुणी विचारलं, “काय मीनाबाई, दुकान उठवलं?” तर, “व्हय, उठवलं की,” एवढंच म्हणाल्या. जूनमध्ये मुंबईहून एक बाई अधिकारी आल्या. त्यांनी दार लावून पोरींना एकेक करून आत बोलावलं आणि कुणाचंही नाव कागदावर घेतलं नाही. त्यानंतर शालूबाईंच्या खोलीतला फोन निघाला आणि पत्रं बंद पाकिटात पोरींच्या हातात पडायला लागली.

शालूबाई पुढच्याच वर्षी वॉर्डनपद सोडून भावाकडं इचलकरंजीला राहायला गेल्या. हंबीरराव दोन हजार सात साली हार्ट अटॅकनं गेले. त्या गाळ्यात नंतर मोबाईलचं दुकान निघालं, मग दुसरं, मग तिसरं. सदफ पास झाली, आजऱ्याजवळच्या सरकारी दवाखान्यात लागली, आईचं ऑपरेशन तिनं स्वतः पुढं होऊन करून घेतलं. रोशनबी कारखान्यात पुन्हा गेली नाही. संघप्रियानं घराच्या पुढच्या खोलीत दोन कॉम्प्युटर मांडून तीन वर्षं नेट चालवलं. मीनाबाई तिथंही चिठ्ठ्या लिहायच्या, पण त्यांवर मशीनचा आकडा आणि वेळ, एवढंच. संध्याकाळी त्याही पाण्यात. नंतर संघप्रिया पुण्याच्या एका कंपनीत लागली, शनिवार-रविवारी येऊन जाऊन राहिली.

मीनाबाई दोन हजार नऊच्या डिसेंबरात गेल्या. पुण्यानुमोदनाच्या दिवशी घरासमोर मांडव घातला होता. नातेवाईक होते, एक्स्चेंजातल्या दोन थकलेल्या बाया होत्या, गल्ली होती. वंदना सुरू झाली तेव्हा मागच्या खुर्च्यांवर आणखी काही बायका येऊन बसल्या. पंचविशी-तिशीच्या, पन्नाशीच्या, एकीच्या कडेवर मूल, एक बुरख्यात, एक रुग्णालयाचा पांढरा कोट हातावर टाकून आलेली. संघप्रियाच्या मामीनं हळूच विचारलं, “ह्या कुणाच्या कोण गं?”

“बसू देत. आईच्या गिऱ्हाइकांपैकी असतील,” संघप्रिया म्हणाली.

सगळं झाल्यावर तिनं मागं जाऊन एकेकीच्या हातात खिरीची वाटी दिली. काही जणी तिच्याकडं बघून काहीतरी सांगायला निघाल्या आणि थांबल्या. संघप्रियानं कुणालाही नाव विचारलं नाही. वाट्या गोळा केल्या, आणि त्या बायका आल्या तशा, एकेक करून, रस्त्यावरच्या गर्दीत मिसळून गेल्या.